फुंकणी का वाजते?

चुलीची फुंकणी दोन्ही तोंडांनी उघडी. थंड फुंकणीच्या काठावरून आडवी फुंकर मारा, ती वाजते. आतली लाट टोकांवरून परत फिरते. जाणारी-येणारी लाट मिळून हवा टोकांशी खूप हलते, मधोमध जवळजवळ थांबते. हीच स्थिर लहर. नळीची लांबी म्हणजे अर्धी लाट. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. म्हणून ३४ सेंटिमीटरच्या फुंकणीत साधारण ५०० कंपने. दुसरे तोंड तळहाताने झाका, कंपने निम्मी, सूर खाली!

अकोले तालुक्यातल्या बांबूचा पावाही असाच. बोट उचलले की नळी जणू आखूड होते, सूर चढतो.

आम्ही गटाच्या बैठकीत हे करून पाहिले. दहावीनंतर लेकीला ‘विज्ञान झेपणार नाही’ म्हणण्याआधी तिच्या हाती फुंकणी आणि मोजपट्टी द्या.