काळ्या जहाजांचा धडा

इ. स. १८५३ च्या जुलै महिन्याची ८ तारीख होती. जपानमधील एडो नगरापासून, म्हणजेच आजच्या टोकियोपासून, काही अंतरावर उरागा नावाचे गाव आहे. तेथील कोळ्यांना त्या दिवशी समुद्रावर एक विलक्षण दृश्य दिसले. चार प्रचंड जहाजे किनाऱ्याकडे येत होती. त्यांचा रंग काळा होता. दोन जहाजांच्या धुराड्यांतून धुराचे लोट उठत होते आणि वाऱ्याची वाट न पाहता ती पुढे सरकत होती. त्यांच्या दोन्ही अंगांस तोफा होत्या. लोकांनी त्यांना 'काळी जहाजे' हे नाव दिले.

ही जहाजे अमेरिकेची होती. त्यांचा प्रमुख मॅथ्यू पेरी हा आपल्या राष्ट्राध्यक्षांचे पत्र घेऊन आला होता. जपानने आपली बंदरे अमेरिकी जहाजांना खुली करावीत, अशी त्या पत्रात मागणी होती. पुढील वर्षी उत्तर नेण्यास येऊ, असे सांगून पेरी निघून गेला. आणि १८५४ मध्ये तो अधिक मोठे आरमार घेऊन परत आला.

त्यापूर्वी दोनशे वर्षांहून अधिक काळ जपानने बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवली होती. सम्राट क्योतो येथे नाममात्र राज्य करीत असे. खरी सत्ता एडो येथील 'शोगुन' या सेनाधिपतीच्या हाती होती. कोणाही जपानी माणसास परदेशी जाण्याची परवानगी नव्हती. युरोपीयांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या चिमुकल्या बेटावर राहण्याची मुभा होती. अशा देशाजवळ काळ्या जहाजांच्या तोफांना तोंड देईल असे आरमार कोठून असणार? शेजारच्या बलाढ्य चीनचा इंग्रजांनी अफूच्या युद्धात कसा पाडाव केला, हे जपानी राज्यकर्त्यांना ठाऊक होते. त्यांनी निमूटपणे तह केला.

१८५८ मध्ये आणखी तह झाले. त्यांतील दोन अटी जपानी लोकांच्या मनाला फार लागल्या. परकीय माणसाने जपानच्या भूमीवर गुन्हा केला, तरी त्याचा न्याय त्याच्याच देशाचा वकील करणार होता. तसेच, परदेशी मालावर किती जकात घ्यावी, हे ठरविण्याचा अधिकार जपानला उरला नव्हता. आपल्याच घरात आपली सत्ता चालू नये, याहून मोठा अपमान कोणता?

या अपमानातून जपानमध्ये एक मोठी क्रांती घडली. १८६८ मध्ये शोगुनची सत्ता संपली आणि पंधरा वर्षे वयाच्या सम्राटाच्या नावाने नवे शासन सुरू झाले. या कालखंडास 'मेइजी' असे नाव पडले. ज्ञान जगात जेथे असेल तेथून मिळवावे, अशी प्रतिज्ञा नव्या शासनाने आरंभीच केली. १८७१ मध्ये इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे शिष्टमंडळ अमेरिका व युरोप पाहावयास निघाले. त्याच्याबरोबर अनेक विद्यार्थीही होते. त्यांत पाच मुली होत्या, आणि त्यांतील त्सुदा उमेको ही सर्वांत धाकटी मुलगी अवघ्या सहा वर्षांची होती. अमेरिकेत शिकून मोठी झालेल्या याच उमेकोने पुढे १९०० मध्ये टोकियोत स्त्रियांसाठी विद्यालय स्थापन केले.

आता देशाचे रूप झपाट्याने पालटू लागले. १८७२ मध्ये टोकियो व योकोहामा यांच्या दरम्यान आगगाडी धावली. त्याच वर्षी सर्व मुलामुलींनी शाळेत गेले पाहिजे असा कायदा झाला. एका पिढीच्या आत शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलांची नावे शाळेत नोंदली गेली. १८७३ मध्ये सक्तीची लष्करी सेवा आली. एके काळी तलवार बाळगण्याचा मान फक्त सामुराई योद्ध्यांचा होता; १८७६ मध्ये त्यांना ती बाळगण्यास बंदी झाली आणि शेतकऱ्याचा मुलगा हाती बंदूक घेऊन कवायत करू लागला.

या प्रगतीची किंमत गोरगरिबांनी मोजली. शेतकऱ्यांना जमिनीचा कर रोख रकमेत भरावा लागे. पीक बुडाले म्हणून त्यात सहसा सूट नसे. त्यांच्या मुली रेशमाच्या कारखान्यांत पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. ते रेशीम परदेशी विकले जाई आणि त्या पैशांतून यंत्रे व युद्धनौका विकत घेतल्या जात. 'समृद्ध देश, बलवान सेना' हे त्या काळाचे ब्रीद होते.

इवाकुरांच्या शिष्टमंडळाची जर्मनीत बिस्मार्कशी भेट झाली होती. मोठी राष्ट्रे आपल्या सोयीचा असेल तोपर्यंतच कायदा पाळतात. म्हणून लहान राष्ट्राने स्वतःच्या बळावरच विसंबावे, अशा आशयाचा उपदेश त्याने पाहुण्यांना केला. काळ्या जहाजांपासून दोन धडे घेता येण्याजोगे होते. दुर्बळाने ज्ञान मिळवून समर्थ व्हावे, हा एक धडा. समर्थाने दुर्बळावर वाटेल ते लादावे, हा दुसरा. जपानने पहिला धडा मोठ्या निष्ठेने गिरविला. परंतु त्याबरोबर दुसराही आत्मसात केला.

याचा प्रत्यय लवकरच आला. १८७६ मध्ये जपानने युद्धनौकांचा धाक दाखवून कोरियाकडून तह लिहून घेतला. कोरियाने आपली बंदरे खुली करावीत आणि तेथे गुन्हा करणाऱ्या जपानी माणसाचा न्याय जपानी अधिकाऱ्यांनीच करावा, असे त्यात होते. पेरीच्या आगमनास तेव्हा पंचवीस वर्षेही लोटली नव्हती! पुढे १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनला हरविले व तैवान बेट घेतले. १९०४-०५ मध्ये त्याने रशियासारख्या युरोपीय साम्राज्याचा पराभव केला. आशियातील एका राष्ट्राने युरोपीय सत्तेला नमविले, हे पाहून परतंत्र भारतातही उत्साहाची लाट उसळली. पंडित जवाहरलाल नेहरू तेव्हा शाळकरी वयाचे होते. जपानच्या विजयाच्या वार्तांनी आपण किती हर्षित होत असू, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

परंतु ज्यांच्यावर जपानचे राज्य आले, त्यांच्या वाट्याला हर्ष आला नाही. १९१० मध्ये जपानने कोरिया खालसा केला. १९१९ मध्ये कोरियन जनतेने स्वातंत्र्यासाठी मोर्चे काढले, तेव्हा ते बळाने चिरडण्यात आले. पुढे तर कोरियन मुलांना शाळेत मातृभाषा शिकणेही दुरापास्त झाले. विशेष हे की, १९११ मध्ये, म्हणजे कोरियाचे स्वातंत्र्य हिरावून घेतल्यानंतर एका वर्षाने, स्वतःची जकात स्वतः ठरविण्याचा पूर्ण अधिकार जपानला परत मिळाला. आपल्या पायांतील बेडी गळून पडली, ती शेजाऱ्याच्या पायांत घातल्यावर! १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले, तेव्हा त्यांनी जपानच्या कलेची मनापासून प्रशंसा केली. पण पश्चिमेच्या आक्रमक राष्ट्रवादाचे अनुकरण करू नये, असा इशाराही दिला. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही.

जपानच्या राज्यव्यवस्थेतच एक मोठा दोष राहून गेला होता. १८८९ च्या राज्यघटनेने सैन्य थेट सम्राटाच्या आज्ञेत ठेवले होते. लोकप्रतिनिधींचा त्यावर अंकुश नव्हता. १८९० मध्ये निघालेली शिक्षणविषयक राजाज्ञा शाळाशाळांतून गंभीरपणे वाचली जाई. आईवडिलांचा आदर, मित्रांशी सचोटी या सद्गुणांबरोबरच, वेळ येताच सिंहासनासाठी स्वतःस अर्पण करावे, असा तिचा उपदेश होता. मुले वाचायला शिकली. प्रश्न विचारायला मात्र त्यांना शिकविले गेले नाही.

१९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. रेशमाचे भाव कोसळले आणि खेड्यांत उपासमार होऊ लागली. परप्रांत जिंकल्यास दैन्य फिटेल, असे सेनाधिकारी सांगू लागले. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेन शहराजवळ जपानी अधिकाऱ्यांनी आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडविला, दोष चिनी लोकांवर ढकलला आणि मांचुरियाचा प्रदेश बळकावला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान इनुकाई यांची नौदलातील तरुण अधिकाऱ्यांनी हत्या केली. आता सेनेला अडविणारे कोणी उरले नाही.

१९३७ मध्ये जपानने चीनशी उघड युद्ध मांडले. त्या वर्षाच्या डिसेंबरात नानकिंग शहर पडले आणि जपानी सैन्याने हजारो निःशस्त्र नागरिकांची व कैद्यांची कत्तल केली. चीनच्या साहाय्यास भारताने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांनी रणभूमीवर अहोरात्र जखमींची सेवा केली आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच भूमीत देह ठेवला.

चीनमधील युद्ध संपेना. तेलाचा पुरवठा अमेरिकेने तोडला, तेव्हा डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बर येथील अमेरिकी आरमारावर अचानक हल्ला चढविला. काही महिन्यांतच सिंगापूर, ब्रह्मदेश आणि आपली अंदमान बेटेही जपानच्या ताब्यात गेली. 'आशिया आशियाई लोकांचा' ही घोषणा दुमदुमत होती. परंतु जिंकलेल्या देशांतील लोकांना केवळ धनी बदलल्याचा अनुभव आला. १९४४ मध्ये इंफाळ व कोहिमा येथे जपानची आगेकूच थांबली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अमेरिकेने अणुबाँब टाकला. एकट्या हिरोशिमात त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्यू पावली. त्यांत कितीतरी शाळकरी मुले होती. १५ ऑगस्ट रोजी सम्राटाने शरणागतीची घोषणा केली.

त्यानंतरच्या शरद ऋतूत जपानच्या शाळांमध्ये एक विलक्षण तास झाला. नवी पुस्तके छापण्यास कागद नव्हता. म्हणून शिक्षकांनी मुलांना कुंचला व शाई घ्यावयास सांगितले, आणि जुन्या पाठ्यपुस्तकांतील युद्धाचा गौरव करणाऱ्या ओळी एकेक करून काळ्या करविल्या. कालपर्यंत ज्या ओळी मुले आदराने पाठ करीत होती, त्याच त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसल्या. काही पानांवर शाईखेरीज जवळजवळ काहीच उरले नाही.

१९४७ मध्ये अमलात आलेल्या नव्या राज्यघटनेने जपानने युद्धाचा हक्क कायमचा सोडून दिला. पुढे याच राष्ट्राने आपल्या उद्योगाने व विद्येने जगात पुन्हा मानाचे स्थान मिळविले. काळी जहाजे आली तेव्हा जपानला जो पहिला धडा मिळाला होता, तो खरा होता. दुसरा खोटा होता, हे कळण्यासाठी मात्र त्याला व त्याच्या शेजाऱ्यांना लक्षावधी प्राणांचे मोल द्यावे लागले.