पडणाऱ्याची विद्या

1964 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा खेळला गेला. त्याच शहरात, शिंजुकू भागातल्या वाकामात्सु-चो या वस्तीत, आयकिडोच्या मुख्य डोजोत, म्हणजे सरावशाळेत, तेव्हाही रोज वर्ग भरत होते आणि ऐंशी ओलांडलेले संस्थापक मोरिहेई उएशिबा अजून मॅटवर उभे राहत होते. दोन्ही विद्यांचे मूळ जुन्या जुजुत्सूत. पण ज्युदोला वजनी गट, पंच, गुण आणि पदके मिळाली, आणि आयकिडोच्या मुख्य शाखेने, म्हणजे आयकिकाईने, स्पर्धा ठेवलीच नाही. ती आजही नाही.

नवशिक्याला हे आधी कळायला हवे, कारण पुढचे सगळे यावरून ठरते. कुस्तीत डाव बसला की नाही ते समोरच्याची पाठ मातीला लागली की सगळ्या गावाला दिसते. आयकिडोत तसा निकाल नाही. समोरचा पडला, पण तो डावाने पडला की सौजन्याने, हे त्या दोघांनाच ठाऊक. म्हणून या विद्येचा खरेपणा जोडीदाराच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. हल्ला करणारा आणि शेवटी पडणारा जो जोडीदार, त्याला उके म्हणतात. डाव करणाऱ्याला नागे किंवा तोरी. पहिल्या वर्षात तुम्ही उके म्हणून काय शिकलात यावर तुमचे आयकिडो किती खरे होणार हे ठरते, असे माझे ठाम मत आहे. प्रवेशिका पुस्तकांतून मात्र सगळी छायाचित्रे आणि सगळ्या सूचना तोरीसाठी असतात.

थोडा इतिहास पाहू. उएशिबा 1883 साली वाकायामा प्रांतातल्या तानाबे गावी जन्मले. उंची जेमतेम पाच फुटांच्या वर. 1912 साली ते उत्तरेच्या होक्काइडो बेटावर वसाहत करायला गेलेल्या कुटुंबांबरोबर शिराताकीला गेले. तिथे 1915 साली एंगारू गावातल्या एका खानावळवजा सराईत त्यांची गाठ सोकाकू ताकेदा यांच्याशी पडली. ताकेदा दाइतो-ऱ्यू जुजुत्सूचे गुरू, उएशिबांपेक्षाही बुटके, अत्यंत संशयी आणि हिशेबाला पक्के. शिकायला येणाऱ्याचे नाव एका वहीत आणि त्याने दिलेली दक्षिणा दुसऱ्या वहीत, अशा त्यांच्या नोंदवह्या असत. त्या वह्या टिकल्या म्हणून कोण केव्हा आणि कुठे शिकले हे आज सांगता येते. ताकेदा डाव करून दाखवायचे ते समोर बसलेल्या शिष्याच्याच अंगावर. मनगट कुठे वळले आणि तोल कधी गेला हे शिष्याने आपल्या हाडांत साठवायचे. म्हणजे उएशिबांचीही सुरुवात उके म्हणूनच झाली.

1919 च्या अखेरीस वडील आजारी असल्याचे कळल्यावर ते होक्काइडो सोडून निघाले, ते वाटेत क्योटोजवळच्या आयाबे गावी थांबले. ओमोतो-क्यो पंथाचे ओनिसाबुरो देगुची तिथे होते, आणि त्यांचा प्रभाव उएशिबांवर जन्मभर राहिला. देगुचींबरोबर 1924 साली मंगोलियात जाऊन ते पकडले गेले आणि मरता मरता वाचले. आयकिडोतली शांततेची आणि सामंजस्याची भाषा पुष्कळशी या पंथाकडून आली. तंत्राचा मोठा भाग मात्र ताकेदांचा. हे दुसरे सत्य बराच काळ दबक्या आवाजात सांगितले जाई. स्टॅन्ली प्रॅनिन या अमेरिकन अभ्यासकाने जपानमध्ये राहून जुन्या शिष्यांना शोधले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि कागद जमवले, तेव्हा ते उजेडात आले. आयकिडो हाडे मोडणाऱ्या विद्येतून आले आहे, हे नवशिक्याने विसरू नये. मनगटाचा मऊ दिसणारा पीळ मुळात मऊ नाही.

1930 साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो उएशिबांचा सराव पाहायला आले आणि इतके प्रभावित झाले की त्यांनी आपल्या काही शिष्यांना तिकडे शिकायला पाठवले. मिनोरू मोचिझुकी त्यांतले एक. पुढच्याच वर्षी वाकामात्सु-चोत कोबुकान डोजो उभा राहिला. तिथल्या कठोर सरावामुळे लोक त्याला ‘नरक डोजो’ म्हणत. प्रवेशासाठी दोन प्रतिष्ठित माणसांची शिफारस लागे. ‘आयकिडो’ हे नाव अधिकृतपणे नोंदले गेले ते 1942 साली. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यात बेघर झालेली कुटुंबे याच डोजोत राहत होती, आणि उएशिबांचे चिरंजीव किश्शोमारू नोकरी करून डोजो सांभाळत होते. 1948 साली आयकिकाईला सरकारी मान्यता मिळाली, 1956 साली टोकियोतल्या ताकाशिमाया या दुकानाच्या गच्चीवर जाहीर प्रात्यक्षिके झाली, आणि शिफारशीमागे बंद असलेला दरवाजा किश्शोमारूंनी कायमचा उघडला. आज मुंबई-पुण्यात कोणी वर्गाला नाव घालतो, त्यामागे किश्शोमारूंचा तो निर्णय आहे.

आता पुन्हा उकेकडे येऊ. 1936 च्या सुमारास कोदान्शा प्रकाशनाचे संस्थापक सेइजी नोमा यांच्या खासगी डोजोत उएशिबांची तंत्रे छायाचित्रांतून टिपली गेली. तिथे उके होते शिगेमी योनेकावा. ती चित्रे पाहताना नजर साहजिकच उएशिबांवर जाते. पण योनेकावांकडे पाहा: तोल गेलेला असतानाही कुठे कोसळलेपण नाही. आपण नेमके कुठे पडणार आहोत हे ज्याला कळते, असे ते शरीर आहे.

असे शरीर घडायला सुरुवात होते ती मागे पडण्यापासून. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. एक पाय मागे घ्यायचा आणि गुडघा दुमडून बूड टाचेजवळ खाली न्यायचे. उंचावरून धप्पकन बसायचे नाही. पाठीचा कणा गोल. हनुवटी छातीला टेकलेली, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोके मागे जात नाही. श्वास सोडत पाठीवर लोळायचे आणि त्याच झोकात पुन्हा उठायचे. नवशिक्याचा हात मात्र आपोआप मागे जातो, जमीन धरायला. जन्मभराची ती सवय आहे, आणि मनगट नि कोपर त्यानेच मोडते. तो हात पुढे ठेवायला शिकणे हा पहिल्या महिन्याचा खरा अभ्यास.

पुढची कोलांटी याहून फसवी. शाळेतली कोलांटीउडी सरळ डोक्यावरून जाते. ही तिरकी जाते. करंगळीच्या बाजूने हात मॅटला लागतो, मग दंडाची बाहेरची कड, मग खांद्याची मागची बाजू, आणि तिथून पाठ ओलांडून विरुद्ध बाजूचे नितंब. डोके लागत नाही, मणका लागत नाही. हाताची कमान मध्येच ढिली पडली तर खांद्याचे टोक आपटते, आणि ते दुखणे आठवडेच्या आठवडे राहते. म्हणून सुरुवात उभ्याने नको. गुडघ्यावर बसून, मग ओणवे होऊन, मग उभे राहून, असा क्रम चांगला शिक्षक मोडू देत नाही. प्रत्येकाची एक बाजू नावडती असते. त्या बाजूला दुप्पट पडावे.

मग प्रत्यक्ष जोडीचा सराव. शिक्षक डाव दाखवतात, सगळे जोड्या लावतात, एकमेकांना वाकून नमस्कार करतात. साधारण पद्धत अशी, की एकाने चारदा डाव करायचा, उजवीकडून आणि डावीकडून, मग अदलाबदल. दहा वर्षे मुरलेला माणूस आणि कालचा पोर यांच्यातही हीच पाळी. जपानच्या जुन्या तलवारशाळांत जोडीतला हरणाऱ्याचा भाग वरिष्ठाने घ्यायचा असतो, कारण तो अवघड मानला जातो. आयकिडोत गुरू डाव करून दाखवतो आणि शिष्य पडतो. बाकी सरावात मात्र पडणे सगळ्यांच्या वाट्याला सारखे. म्हणजे अर्धा वर्ग तुम्ही उके असता. तो अर्धा वेळ आपली पाळी येईपर्यंतची विश्रांती म्हणून घालवणारे फार.

काताते-दोरी, म्हणजे मनगट धरणे, ही सर्वांत साधी सुरुवात घ्या. तोरीला शिकवतात: हात ओढू नको, तो आहे तिथेच राहू दे, बोटे मोकळी सोड, पाऊल टाकून उकेच्या बाजूला जा, कंबर वळव, आणि दोघांची तोंडे एका दिशेला येऊ देत. या वळण्याचे नाव तेन्कान. आता उकेने काय करायचे? करंगळीकडून घट्ट पकड, कोपर खाली, खांदा सैल, आणि पकडण्यामागे हेतू: या माणसाला मी जागेवर रोखणार आहे. पकड लगेच सुटली तर तोरीला काहीच कळत नाही. उलट, पुढे कोणता डाव येणार हे ठाऊक असल्यामुळे उके आधीच दगडासारखा अडला, तर तीही फसवणूक. खऱ्या हल्लेखोराला डाव ठाऊक नसतो. आधीच पडणारा आणि आधीच अडणारा, दोघेही जोडीदाराला खोटी माहिती देतात.

शोमेन-उची या हल्ल्यात ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. हाताची कड तलवारीसारखी वर नेऊन कपाळावर मारायची असते. नवा विद्यार्थी भिडस्तपणे कपाळाच्या शेजारी मारतो. लागू नये हा चांगला विचार, पण परिणाम वाईट: तोरी जागेवर उभा राहिला तरी त्याला काही होत नाही, म्हणून हलायचे का हेच तो शिकत नाही. वेग हवा तेवढा कमी ठेवा, पण दिशा खरी ठेवा. सावकाश आणि नेमके कपाळावर.

आयकिडोवर ठरवून केलेला खेळ असल्याचा आरोप होतो. त्यात तथ्य आहे, आणि तो आरोप घरातूनही झाला. केन्जी तोमिकी हे कानो आणि उएशिबा या दोघांचेही शिष्य. परीक्षेशिवाय विद्या सैल पडते असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी वासेदा विद्यापीठात स्पर्धेसह आयकिडो सुरू केले. त्यात एकाच्या हाती मऊ नकली सुरी असते. आणखीही शाखा आहेत. गोझो शिओदांनी 1955 साली काढलेली योशिंकान शाखा कडक, आखीव सरावासाठी ओळखली जाते. कोइची तोहेई 1974 साली आयकिकाईतून बाहेर पडले. त्यांचा भर की, म्हणजे प्राणशक्तीच्या अभ्यासावर होता. तुमच्या गावात जी शाखा असेल ती घ्यावी. शाखेपेक्षा शिक्षक महत्त्वाचा. काही महिन्यांत रस्त्यावर स्वसंरक्षण जमेल असे जो सांगेल, त्याच्याकडे जाऊ नये.

नाव घालण्यापूर्वी एक पूर्ण वर्ग बसून पाहण्याची परवानगी मागा. नव्या माणसाला टाकताना जुने विद्यार्थी हात सैल करतात का, तो उठेपर्यंत थांबतात का, ते पाहा. जोडीदाराने मॅटवर किंवा अंगावर थाप मारली की पीळ त्याच क्षणी सुटला पाहिजे. यात अर्ध्या सेकंदाचीही चालढकल दिसली तर तिथून निघावे. शिहो-नागेवर विशेष लक्ष ठेवा. या डावात उकेचा हात दुमडून त्याच्याच खांद्यामागे नेतात आणि त्याला मागे पाडतात. हात अडकलेला, त्यामुळे सावरायला जागा कमी, आणि डोक्याची मागची बाजू आपटण्याचा धोका खरा. इथे जोर दाखवणारा तोरी कितीही वरच्या पट्ट्याचा असो, तो धोकादायक आहे.

कपड्यांचे अवडंबर नाही. ज्युदोचा जाड सुती गणवेश चालतो, पहिले काही दिवस साधी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्टही चालतो. नखे कापलेली, अंगठ्या-कडी-मंगळसूत्र काढलेले, पाय धुतलेले. मांडी घालून बसण्याची सवय आपल्याला असते, पण सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसताना, घोटे भरून येतात. दुखले तर मांडी घाला, कोणी रागावत नाही. गुडघ्याचा जुना त्रास असेल तर गुडघ्यांवर चालण्याचा सराव, शिक्को, टाळायचा आहे हे पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगावे.

मोठ्यांसाठी बहुतेक ठिकाणी पांढऱ्या पट्ट्यानंतर थेट काळा. मधल्या पायऱ्या क्यूच्या, पाचव्यापासून पहिल्यापर्यंत. मुख्य डोजोच्या नियमात पाचव्या क्यूसाठी 30 दिवसांचा सराव लागतो. आठवड्यातून दोनदा गेलात तर साधारण चार महिने. परीक्षेत शोमेन-उचीवरचे इक्क्यो आणि इरिमी-नागे, काताते-दोरीवरचे शिहो-नागे, आणि बसून करायचे कोक्यू-हो विचारतात. परीक्षेला तुमच्यासमोर उके म्हणून कोणी तरी उभा राहील, आणि त्याच्या परीक्षेला तुम्हाला उभे राहावे लागेल. तेव्हा मनगट नीट धरा, कपाळावर नेमके मारा आणि त्याने पाडल्याशिवाय पडू नका.