पियानोचे सूर

पियानो हे वाद्य दिसावयास भारदस्त. परंतु त्याचा सारा गोडवा आतल्या तारांच्या ताणावर अवलंबून असतो. पियानोला ८८ पट्ट्या असतात; तारा मात्र सव्वादोनशेच्या आसपास असतात. कारण बहुतेक स्वरांसाठी तीन-तीन तारा बांधलेल्या असतात. पट्टी दाबताच आतील हातोडी या तिन्ही तारांवर एकदम आघात करते. हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते व कोरड्या हवेत आकसते. तारांचा ताण बदलतो आणि सूर ढळतात. मग ते पुन्हा जुळविण्यासाठी कुशल कारागिराला पाचारण करावे लागते.

कारागीर प्रथम नादकाट्यावरून एक स्वर लावतो. या स्वराची कंपने सेकंदाला ४४० असावीत, असे १९३९ साली लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. तिहींपैकी दोन तारा तो बनातीने मुक्या करतो व एक तार लावून घेतो. मग दुसरी तिच्याशी मिळवितो. एकीची कंपने ४४० व दुसरीची ४४२ असली, तर आवाज सेकंदाला दोन वेळा चढतो व उतरतो. या चढउतारास 'विस्पंद' म्हणतात. किल्लीने खुंटी किंचित पिळली, की विस्पंद मंदावतात. तारा एकरूप झाल्या, की ते नाहीसे होतात.

खरी अडचण पुढेच आहे. वरच्या षड्जाची कंपने खालच्या षड्जाच्या दुप्पट असतात, तर पंचमाची दीडपट. तानपुऱ्यावर ऐकू येणारा षड्ज-पंचमाचा संवाद तो हाच. एका स्वराचा पंचम, त्या पंचमाचा पंचम, असे बारा वेळा चढत गेल्यास सात सप्तके ओलांडून मूळ स्वरच मिळावयास हवा. परंतु सात वेळा दुप्पट केल्यास १२८ पट होते आणि बारा वेळा दीडपट केल्यास सुमारे १२९.७५ पट! ही तफावत लहान खरी, पण कानास खटकणारी आहे.

ती एकाच पंचमावर लादली, तर तो पंचम बेसूर होईल. म्हणून कारागीर ती बाराही पंचमांत सारखी वाटून देतो. २२० कंपनांच्या स्वराचा शुद्ध पंचम ३३० कंपनांचा. पियानोवर तो सुमारे ३२९.६ वर ठेवितात. हे दोन स्वर एकत्र वाजविले, की चार सेकंदांत सुमारे तीन विस्पंद ऐकू येतात. ते मोजूनच कारागीर खुंटी स्थिर करतो. हार्मोनियमचे स्वरही सामान्यतः याच रीतीने बांधलेले असतात. म्हणून तिचा गांधार शुद्ध गांधाराहून किंचित चढा लागतो.

अशा रीतीने पियानोचा एकही पंचम पूर्ण शुद्ध राहत नाही. पण एकही बेसूर होत नाही. प्रत्येक पंचमाने थोडी झीज सोसली, म्हणूनच कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वादन करता येते.