गाठ गेली, पाठ राहिली

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, केमोथेरपीचे डोस संपले, रेडिएशन संपले आणि 'आता सहा महिन्यांनी दाखवायला या' असे डॉक्टरांनी सांगितले, की सरकारी दप्तरात त्या बाईचे प्रकरण मिटते. घरच्यांच्या दृष्टीनेही मिटते. बाई वाचली, आणखी काय पाहिजे? परंतु तिच्या शरीरात त्याच सुमारास दुसरे प्रकरण सुरू झालेले असते. सकाळी अंथरुणातून उठताना पाठ आखडलेली, बोटांची मूठ वळत नाही, गुडघे धरलेले, रात्री अंगातून वाफा निघतात, तळपायाला मुंग्या. ती सांगते तेव्हा घरातले म्हणतात, 'वय झाले.' शेजारीण म्हणते, 'केमोची उष्णता आहे.' दवाखान्यात कागदावर एकच शब्द लिहिला जातो : पाठदुखी. या एका शब्दाखाली काय काय दडपले जाते, त्याविषयी आज आम्हाला लिहायचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार महिला त्याने मेल्या. नव्याने सापडलेल्या मोजल्या जातात, मेलेल्या मोजल्या जातात. वाचलेल्या बायकांची दुखणी कोण मोजतो? आशाताई गावात फिरून तीस वर्षांवरील माणसांचा फॉर्म भरतात. त्यात बायकांना विचारायचा प्रश्न आहे, स्तनात गाठ आहे का? प्रश्न योग्यच आहे. पण गाठ काढून घरी आलेल्या बाईची पाठ रात्री दुखते का, ती गोळी घेते का, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. मुंबईचे लोक इथे पाऊस बघायला येतात. इथली बाई त्याच पावसात कंबरेत वाकून भाताची लावणी करते. पाऊस संपला की वीटभट्टी, फार्महाऊसवरची झाडलोट, खोपोली-रसायनीकडचे कंत्राटी काम, डोक्यावर लाकडाची मोळी नाहीतर रानभाजीची पाटी. बौद्धवाड्यातली असो, कातकरीवाडीतली असो की ठाकूरवाडीतली, यातले एकही काम पाठीशिवाय होत नाही. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या तर त्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतात, 'त्या हाताने वजन उचलू नका.' सल्ला काळजीपोटी दिलेला असतो. पण तो नळाचे पाणी घरात येणाऱ्या बाईला पाळता येतो. हंडा भरायला विहिरीवर जाणारी बाई काय करते? दुखरा हात वाचवण्यासाठी दुसऱ्या बाजूने वजन घेते, एकीकडे कलून चालते आणि वर्षभरात कंबर धरते. वाचवला हात आणि गेली पाठ!

म्हणून पहिली गोष्ट ही, की कॅन्सर झालेल्या बाईच्या पाठदुखीची कारणे साधारण तीन. एक कामाची पाठदुखी : वाकल्याने, उचलल्याने वाढणारी, विश्रांतीने कमी होणारी. दुसरी गोळीची. तिसरी खुद्द रोगाची, म्हणजे कॅन्सर हाडात उतरल्याची. तिघींचे उपचार वेगळे, तिघींची घाईही वेगळी. आमच्या बाया दुखण्याला एकच नाव देत नाहीत. त्या म्हणतात, उसण भरली, चमक आली, ठणका लागला, हाडे चावतात, अंग आखडले, आग होते, मुंग्या येतात. यातल्या प्रत्येक शब्दातून डॉक्टरला काहीतरी कळते. प्रश्न एवढाच, की ते शब्द ऐकून घ्यायला ओपीडीत कोणाला वेळ आहे का?

आता गोळीचे पाहू. ज्यांची गाठ शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारी असते, त्यांना ऑपरेशननंतर पाच वर्षे, काहींना दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन. पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन. ही दुसऱ्या गटातली औषधे शरीरातले इस्ट्रोजेन जवळजवळ संपवतात. त्यामुळे रोग परतण्याचा धोका कमी होतो, पण हाडांना सांभाळणारेही तेच हार्मोन असते. ते गेले की हाडे विरळ होतात, सांधे आखडतात. या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना सांधेदुखीचा त्रास होतो. तो खरा आहे, मनाचा खेळ नाही. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा येतात. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, क्वचित गर्भाशयाच्या अस्तरात बिघाड होतो. म्हणून एकच पाय सुजला, अचानक दम लागला किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर लाजून घरात बसू नये. काही केमोने तळपायाची जाणीव जाते. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. अशी बाई शेताच्या बांधावरून घसरली आणि हाडे आधीच विरळ असली तर मणका दबायला वेळ लागत नाही.

इथे खरा धोका लपलेला आहे. गोळीने दुखते हे बाईला डॉक्टरआधी कळते. कोणी ऐकत नाही म्हटल्यावर ती कोणाला न विचारता गोळी बंद करते. पंधरा दिवसांत अंग हलके होते, तिला वाटते सुटलो. पण जी गोळी रोगाला दाराबाहेर रोखून धरत होती, तिचा पहारा उठलेला असतो. याचा दोष त्या बाईला देणारे आम्हाला भेटतात. आम्ही विचारतो, गोळी सुरू करताना तिला तिच्या भाषेत कोणी सांगितले होते का, की दुखेल, त्यावर उपाय आहेत आणि ही सोसत नसेल तर याच कामाची दुसरी गोळी देता येते? गोळी बदलणे डॉक्टरच्या हातात असते. बंद करण्याची पाळी बाईवर येते, तेव्हा ऐकून घेण्यात कोणीतरी आधीच कमी पडलेले असते.

उपाय आहेत, आणि सगळेच महाग नाहीत. पाळी गेल्यानंतरची गोळी सुरू करताना हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी व्हावी. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावे. आपल्या ताटातली नाचणी ही गरिबाची भाकरी म्हणून हिणवली गेली, पण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्लेली सुकी मासळीही हाडांना उपयोगी. हाडे फारच विरळ असली तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे सलाईन काही महिन्यांच्या अंतराने देतात. त्यानंतर एक-दोन दिवस ताप येतो, अंग मोडते, ते अपेक्षित आहे. परंतु त्याआधी दात दाखवून घ्यावेत. या औषधावर असताना किडका दात उपटला तर जबड्याचे हाड बिघडू शकते, आणि वर्षानुवर्षे मशेरी लावणाऱ्या आमच्या बायांचे दात कसे असतात हे वेगळे सांगायला नको.

व्यायामाचेही तसेच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने याच गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या १२१ महिलांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढे वर्षभर करणाऱ्या महिलांच्या वेदना जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाल्या. यावर कोणी म्हणेल, आमची बाई दिवसभर राबते, तिला व्यायाम कशाला? काम म्हणजे व्यायाम नव्हे. कामात शरीर एकाच बाजूने, एकाच ठेवणीत झिजते. व्यायामात ते मोजून, दोन्ही बाजूंनी, थांबत थांबत वळवले जाते. हे शिकवायला फिजिओथेरपिस्ट लागतो आणि शिकायला रोजची अर्धा तास सवड लागते. या दोन्ही गोष्टी आमच्या बाईला कोण देणार?

सवड नसते म्हणून ती सुई मारून घेते. गावोगावच्या 'सुईने बरे करणाऱ्या' दवाखान्यांत स्टेरॉइड दिले जाते तेव्हा दोन दिवस चमत्कार वाटतो. वारंवार घेतलेले स्टेरॉइड हाडे आणखी पोखरते, साखर वाढवते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रिकाम्या पोटी महिनोन् महिने खाल्ली तर जठराला जखम होते, मूत्रपिंड बिघडते. साध्या दुखण्याला आधी पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. कोणतेही नवे औषध घेताना कॅन्सरच्या गोळीचे पाकीट समोर ठेवावे, कारण मनाच्या आजारावरची काही औषधे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात. पुड्यांतल्या नाव नसलेल्या चूर्णांपासून तर चार हात दूर राहावे.

तिसऱ्या कारणाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेक वेळा हाडात जातो, आणि हाडांत मणका आघाडीवर. प्रत्येक पाठदुखी म्हणजे कॅन्सर परतला असे मुळीच नाही, या भीतीने झोप उडवून घेऊ नये. पण काही खुणा पाठ करून ठेवाव्यात. आडवे झाल्यावर, रात्री वाढणारे दुखणे. विश्रांतीने न थांबणारे, दिवसेंदिवस चढत जाणारे दुखणे. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी कळ. असे असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. पाय जड पडणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, यातले काही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे. मज्जारज्जू दबत असतो. उशिरा पोहोचलेली बाई पुन्हा चालेलच असे नाही.

हाडात उतरलेल्या कॅन्सरचेही दुखणे कमी करता येते. अशा दुखऱ्या जागेवर बहुतेक वेळा रेडिएशनचा एकच डोस वेदनेवर अनेक डोसांइतका उपयोगी पडतो, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. मजुरी बुडवून येणाऱ्या बाईसाठी दहा फेऱ्या आणि एक फेरी यातला फरक केवढा आहे! तेव्हा 'एका दिवसात होईल का?' हे विचारायला संकोचू नये. तीव्र वेदनेवर मॉर्फिनची साधी गोळी आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ती मिळणे अवघड केले, २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. मॉर्फिन म्हणजे शेवटची घटका, हा समज चुकीचा आहे. वेदना थांबवून माणसाला उठवून बसवण्यासाठी ते आहे.

हे सारे मिळते कुठे? परळच्या टाटा रुग्णालयात. खोपोलीहून निघालेली बाई लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला येते, तिथून पुढे दोन तास लोकलमध्ये. दुखऱ्या पाठीने हा प्रवास करणे म्हणजे निम्मा आजार. दाखला असेल तर कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यात बसता येते, हे अनेकींना ठाऊक नसते. वाड्यांची गत तर आणखी वेगळी. चौकजवळच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा मदतपथकांना डोंगर पायी चढावा लागला. जिथे रस्ता नाही तिथली आजारी बाई झोळीतून खाली येते, मणका दुखत असला तरीही.

राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव मिळाले, मर्यादा पाच लाखांवर गेली. चांगलेच झाले. पण प्रवासाचा खर्च, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि लावणीच्या दिवसांत घरी बसावे लागलेल्या बाईची मजुरी कोणत्याच पॅकेजात बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडले होते, की बाईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे आणि तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. तेच तत्त्व इथे का लागू नये? विश्रांती लिहून देणाऱ्या चिठ्ठीबरोबर विश्रांतीची सोय करणे हेही शासनाचेच काम आहे. आज हाताशी आहे ती संजय गांधी निराधार योजना. अटींत बसणाऱ्या कॅन्सरग्रस्ताला २०२३ पासून महिना १,५०० रुपये. तेवढ्यासाठीही तहसील कार्यालयाचे हेलपाटे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस कॅन्सरमधून वाचलेल्यांची ओपीडी हवी. तिथे फिजिओथेरपिस्ट, रोजच्या गोळ्यांचा न तुटणारा साठा आणि मॉर्फिन देऊ शकणारा डॉक्टर हवा. आशाताईंच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवा : गोळी चालू आहे का, आणि पाठ रात्री दुखते का? २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने खालापूर तालुक्यातील तांबाटी येथे टाटा मेमोरियल सेंटरला जमीन देण्यास मंजुरी दिली. त्या जमिनीवर जे उभे राहील, त्याच्या दारात पहिला हक्क या मातीत वाकून राबणाऱ्या बाईच्या पाठीचा असला पाहिजे.

आणि शासनाची वाट न पाहता करण्यासारखे आपल्याही हातात आहे. विहारात, समाजमंदिरात महिला मंडळ जमते तिथे हा विषय उघड बोलला जावा. ऑपरेशन झालेली बाई आपल्या वस्तीत असेल तर वर्षभर तिचा हंडा दुसरीने उचलावा, तपासणीच्या तारखेला कोणीतरी तिच्यासोबत जावे. तिने 'दुखते' म्हटले तर 'वय झाले' म्हणू नये. कुठे, कधी आणि कसे दुखते, एवढे तिला विचारावे आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर लिहून डॉक्टरसमोर ठेवावे.