दिव्यांग मुलाच्या लायसनबद्दल घरोघरी काय चुकीचं बोललं जातं

मालवणातून ओरोसला जायचं तर चौके, कट्टा, कसाल असा रस्ता धरावा लागतो. दिव्यांगत्वाचा दाखला देणारं जिल्हा रुग्णालय ओरोसला, आरटीओ तिथेच, जिल्हा परिषदही तिथेच. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. पण ज्या मुलाला एसटीची पहिली पायरीच चढता येत नाही, त्याला सवलतीचा उपयोग काय? त्याच्यासाठी दर वेळी रिक्षा ठरवायची, बाबांनी त्या दिवसाचा रोज बुडवायचा आणि आईने कोणाच्या तरी हातापाया पडून धाकट्याला सांभाळायला ठेवायचं. पावसाळ्याचे चार महिने तर जांभ्या दगडाच्या पाणंदीतून मुख्य रस्त्यापर्यंत व्हीलचेअर आणणं हेच एक काम होऊन बसतं.

म्हणून अशा घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने ‘मला गाडी शिकायचीय’ म्हटलं, तर त्याला हौस समजू नये. कॉलेज, आयटीआय, नोकरी, दवाखाना हे सगळं त्या एका वाक्यात असतं. पण घरात उत्तर मिळतं ते असं: ‘झिला, पाय उचलत नाय तुझो, गाडी कशी चलवतलंस?’ आजी हे मायेपोटी म्हणते, पण तिच्या म्हणण्यात वस्तुस्थिती नसते.

‘पाय चालत नाहीत, म्हणजे गाडी चालवता येणार नाही’

गाडीला पाय लागत नाहीत, वेग वाढवण्याची, कमी करण्याची आणि थांबवण्याची खात्रीची सोय लागते. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, त्यामुळे दोनच पेडलांचा प्रश्न उरतो. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा बसवला की ती दोन्ही कामं हाताने होतात. बहुतेक रचनांत दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागतो. दुसऱ्या हाताने स्टिअरिंग फिरवता यावं म्हणून त्यावर मूठ बसवतात. उजवा पाय लुळा आणि डावा चांगला असेल तर ॲक्सिलरेटरचं पेडल डाव्या बाजूला घेता येतं. एकच हात चालत असेल तर इंडिकेटर आणि वायपरची बटणं त्याच बाजूला आणता येतात.

आणि दोन्ही हात नसतील तर? इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्याने गेले. ते पायाने स्टिअरिंग फिरवतात. २०१६मध्ये त्यांना लायसन मिळालं. केरळच्या जिलुमोल मॅरिएट थॉमस यांना जन्मतःच हात नाहीत. त्यांनी कोचीत गाडीत बदल करून घेतले, त्यांच्या गाडीतली काही बटणं आवाजावर चालतात. सुरुवातीला नकार मिळाला, पुढे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांनी लक्ष घातलं आणि डिसेंबर २०२३मध्ये लायसन हाती आलं. हैदराबादचे गट्टीपल्ली शिवपाल यांची उंची जेमतेम तीन फूट. त्यांनी पेडलं उंच करून घेतली आणि २०२१मध्ये लायसन मिळवलं.

ही माणसं अपवादात्मक जिद्दीची आहेत हे खरंच. पण त्यांच्याकडे पाहून ‘जिद्द असली की होतं’ एवढंच मुलाला ऐकवू नये. तिघांच्याही गाडीत काहीतरी बदललेलं होतं किंवा गाडी मुळातच ऑटोमॅटिक होती. नुसत्या जिद्दीने ब्रेक लागत नाही.

‘सरकार अपंगाला लायसन देतच नाही’

मोटार वाहन कायदा १९८८चा आहे आणि त्यात ही सोय पहिल्यापासून आहे. कलम ८ म्हणतं की अर्जदाराच्या व्यंगामुळे लोकांना धोका संभवत असेल तर शिकाऊ लायसन नाकारावं. पण त्यालाच जोडून पुढे म्हटलंय की त्याच्यासाठी बदल केलेलं वाहन चालवायला तो योग्य आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्या वाहनापुरतं लायसन देता येतं. जुन्या लायसनांवर अशा वाहनासाठी इंग्रजीत चक्क ‘रुग्णाची गाडी’ अशा अर्थाचा शब्द होता. २०१९च्या दुरुस्तीने तो गेला आणि ‘अनुकूलित वाहन’ या अर्थाचा शब्द आला. हा बदल उशिरा झाला, पण योग्य झाला.

बहिऱ्या मुलांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०११मध्येच सांगितलं की ऐकू येत नाही एवढ्या कारणावरून परीक्षेलाच बसू न देणं बरोबर नाही. चाचणी घ्या, पास झाला तर लायसन द्या. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना जून २०२०पासून लायसन मिळू शकतं. शिक्षणाची अट खासगी गाडीला नाहीच.

‘दाखल्यावर ८० टक्के लिहिलंय, आता कसलं लायसन’

हा समज सगळ्यात जास्त घरांत आढळतो आणि त्याने सगळ्यात जास्त मुलं प्रयत्न न करताच थांबतात. दाखल्यावरची टक्केवारी सवलती आणि योजना ठरवण्यासाठी असते. गाडी चालवण्याची क्षमता मोजण्यासाठी ती काढलेलीच नसते. कमरेखाली पूर्ण लुळेपणा असलेल्या मुलाचा आकडा मोठा येतो, पण त्याचे डोळे, खांदे आणि हात खणखणीत असतात. तो हाताच्या दांड्यावर उत्तम गाडी चालवू शकतो. उलट ४० टक्केच लिहिलेल्या एखाद्याला एका बाजूचं दिसत नसेल, तर कसालच्या तिठ्यावर महामार्गाला लागणं त्याच्यासाठी आणि इतरांसाठीही जिवावरचं आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे फार बारकाईने पाहावं लागतं. त्यांच्या अडखळत्या बोलण्यावरून लोक बुद्धीचा अंदाज बांधतात आणि पुष्कळदा चुकतात. तपासायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: अचानक हॉर्न वाजला की हातपाय ताठ होऊन झटका देतात का, समोरच्या गाडीचं अंतर नीट कळतं का, दोन्ही हात वेगवेगळी कामं एकाच वेळी करू शकतात का. या प्रश्नांची उत्तरं फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट देऊ शकतात. मुंबईला हाजीअलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे. कोकणातले पालक शस्त्रक्रिया आणि कॅलिपरसाठी मुंबईला जातात तेव्हाच हाही प्रश्न विचारून घ्यावा.

लायसन घेतलं तर दाखला रद्द होईल, पेन्शन जाईल, ही भीतीही निराधार आहे. दाखला शरीराच्या तपासणीवर मिळतो, आणि लायसनवर तर उलट बदललेल्या वाहनाचीच नोंद असते.

एक ‘नाही’ मात्र खरा आहे

अर्जासोबत स्वतः भरायचा नमुना १ असतो. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हातापायाच्या हालचालीत दोष आहे का, असे प्रश्न त्यात असतात. आणि एक प्रश्न फिट्सचा, अचानक शुद्ध हरपण्याचा असतो. आपल्याकडे फिट्सचा आजार असलेल्याला लायसन मिळत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नसेल तर मोटारीचं लायसन मिळू शकतं. आपल्याकडेही असा विचार व्हावा असं मेंदूविकाराचे अनेक डॉक्टर म्हणतात आणि मलाही ते पटतं. पण आजचा नियम आज आहे. सेरेब्रल पाल्सीच्या पुष्कळ मुलांना फिट्सही असतात, म्हणून त्यांच्या घरी हा विषय गाडी पाहायला जाण्याआधीच निघाला पाहिजे. फॉर्मवर ‘नाही’ लिहून मोकळं होण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला ऐकू नये. देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला घरं आणि मध्ये पोरं खेळत असतात. तिथे चालवताना फिट आली तर?

‘अठराच्या आत सड्यावर शिकवलं तर काय बिघडतं’

कोकणात सगळ्यांनी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नाहीतर वाळूत गाडी शिकलेली असते, त्यामुळे हे कोणाला चुकीचं वाटतच नाही. पण कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे नुसता डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते, म्हणजे सडा आणि किनाराही आलाच. मोटार चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. १६व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी आणि तीही पालकांच्या लेखी संमतीने. २०१९पासून कलम १९९अ आलंय: अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला २५व्या वर्षापर्यंत लायसन नाही. ज्या मुलासाठी हे सगळं चाललंय त्याचीच सात वर्षं जातात.

ब्रिटनमध्ये मोटारीसाठी वय १७ आहे, पण हालचालीच्या अडचणीसाठी मिळणारा वरच्या दराचा भत्ता घेणाऱ्या मुलांना १६व्या वर्षीच शिकता येतं.  आपल्याकडे तशी सोय नाही. मग १४ ते १८ ही वर्षं घराने कशी वापरायची?

माझ्या मते खरी शिकवण याच वर्षांत होते आणि तिला इंजिन सुरू करावं लागत नाही. व्हीलचेअरवरून गाडीच्या सीटवर स्वतः सरकायला शिकायचं, मध्ये गुळगुळीत फळी ठेवून. पट्टा स्वतः लावायचा. चेअर घडी करून आत ओढून घेता येते का ते पाहायचं. हा भाग फार घरांत राहून जातो. मुलगा गाडी झकास चालवतो, पण चेअर आत ठेवायला आणि बाहेर काढायला आई बरोबर लागते, म्हणजे तो एकटा कुठेच जात नाही. हे १८व्या वर्षी कळण्यापेक्षा १५व्या वर्षी कळलेलं बरं.

मग त्याला पुढच्या सीटवर बसवायचं आणि रस्ता बोलायला लावायचं. ‘पुढे एसटी थांबतेय, मागून माणूस उतरेल. डाव्या अंगाला गुरं. उतारावर ओला पाला.’ ज्या मुलाला कायम मागच्या सीटवर उशी लावून बसवलेलं असतं, त्याने रस्ता चालकाच्या नजरेने कधी पाहिलेलाच नसतो. चौके ते कट्टा जाताना ही सवय लावायला पैसे लागत नाहीत.

बाकी घराचंही काही शिकायचं असतं. धाकट्या भावाला स्कूटर मिळते तेव्हा कोणी बैठक बसवत नाही, ताईच्या वेळी मात्र मामा-काका सगळे मत द्यायला येतात. त्यातून ती मुलगी, म्हणून ‘रस्त्यात बंद पडली तर?’ हा प्रश्न दुप्पट जोराने येतो. प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर म्हणजे चार्ज केलेला फोन, ओळखीच्या गॅरेजवाल्याचा नंबर आणि रोजचा ठरलेला रस्ता. गाडी न देणं हे त्याचं उत्तर होत नाही. आणि ज्या आईकडे स्वतःचं लायसन नाही तिने आधी ते काढावं. शिकाऊ चालकाच्या शेजारी लायसनधारक बसावाच लागतो, आणि तो नेहमी बाबाच कशाला असायला हवा?

‘साइड व्हीलची स्कूटर स्वस्त आणि सोपी’

स्वस्त आहे, सोपी असेलच असं नाही. बाजूच्या चाकांमुळे रुंदी वाढते आणि आपल्याकडच्या उखडलेल्या साइडपट्टीत डावं चाक उतरलं की गाडी कलते. कमरेवर तोल नसलेल्या मुलाला तो धक्का सावरता येत नाही. एक पाय अधू पण धड मजबूत असलेल्यांसाठी मात्र ती उत्तम आहे, आणि जिल्ह्यात अशी स्कूटर घेऊन रोज कामाला जाणारी माणसं आहेत. १८ पूर्ण होईपर्यंत वेगळे मार्गही आहेत. केंद्राच्या एडिप योजनेत १६ वर्षांवरच्या तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांना मोटरची ट्रायसिकल मिळू शकते. आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेलं निओबोल्ट हे जोडयंत्र व्हीलचेअरच्या पुढे लावलं की ती ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावते.

‘आधी गाडी घेऊ, मग बघू’

हा क्रम उलटा आहे. आधी शरीराची तपासणी, मग शिकाऊ लायसन, मग मुलाच्या शरीराला साजेशी गाडी आणि त्यातला बदल. गावातल्या फॅब्रिकेटरकडून दांडा वेल्ड करून घेऊ नये. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेलं किट बसवावं, आरटीओची परवानगी घेऊन आरसी बुकात नोंद करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा वाद ठरलेला. पक्क्या लायसनची चाचणी त्याच गाडीवर द्यायची असल्यामुळे गाडी तोवर तयार हवी. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि पहिले ३० दिवस चाचणी देता येत नाही, म्हणजे चाचणी द्यायला हातात साधारण पाच महिने उरतात. किटचं बुकिंग करायचं ते याच हिशोबाने. कायद्याच्या व्याख्येत असं वाहन फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायचं आहे. काकांनी त्यात आंब्याच्या पेट्या भरण्याआधी हे वाचावं.

सवलतीबद्दल जुनी माहिती फिरत असते. अस्थिव्यंग ४० टक्के किंवा जास्त असेल तर छोट्या गाडीवर २८ऐवजी १८ टक्के जीएसटी, अशी सोय होती. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के लागतो, त्यामुळे त्या प्रमाणपत्रासाठी महिनोन्‌महिने थांबण्यात आता पूर्वीसारखा अर्थ नाही. नोंदणीच्या वेळी मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ लिहून घ्यायला मात्र विसरू नये, २०२०पासून ती सोय आहे. आणि दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे.

हा सगळा खटाटोप शेवटी कामापर्यंत पोचण्यासाठी आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी व्हीलचेअरवर आल्या, आणि त्यांनी १९८४मध्ये उभी केलेली संस्था सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं काम दिव्यांगांच्या हातांनी करून घेते. कामं आहेत, हातही आहेत. मधला रस्ता ज्याला गाडी चालवत पार करता येणार नाही, त्याच्यासाठी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा कलम ४१मध्ये परवडणाऱ्या प्रवासाची जबाबदारी सरकारवर टाकतो. मालवण आगारात कमी उंच पायरीची एक बस मागायला हे कलम पुरेसं आहे. अर्ज पालकांनी एकेकट्याने न देता दहा घरांनी मिळून द्यावा आणि पोच घ्यावी.