अर्जात काय लिहावे, काय वगळावे?

पदवीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत आणखी एक परीक्षा सुरू होते. पुढील शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करताना गुणपत्रिका जोडावी लागते. शिवाय एक-दोन पानांचे निवेदनही मागतात. हाच विषय का हवा आणि त्यासाठी आजवर काय केले, हे त्यात सांगायचे असते. मिळविलेल्या यशापैकी नेमके कोणते लिहावे, हा प्रश्न तेथेच पडतो.

गेल्या सुट्टीत आम्ही दुबईच्या देरा भागात नातेवाइकांकडे काही दिवस होतो. खाडीच्या या काठावर मसाल्यांचा व सोन्याचा बाजार आहे, आणि पलीकडे बर दुबईला जाण्यासाठी अब्रा नावाच्या होड्या असतात. त्या घरची मुलगी सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या एम.एससी.साठी ब्रिटनला अर्ज करीत होती. तिचा मसुदा आम्ही वाचला. त्यात आठवीतले वक्तृत्वाचे बक्षीस होते, चित्रकलेचे प्रमाणपत्र होते, दहावीचे टक्केही होते. अगदी शेवटच्या ओळीत मात्र लिहिले होते की, पदवीच्या प्रकल्पासाठी तिने मधुमेह असलेल्या कामगारांना मराठीत व हिंदीत त्यांच्या आहाराविषयी विचारून माहिती जमविली.

आम्ही म्हटले, "बाळ, ही ओळ सर्वांत वर हवी."

तिचे वडील म्हणाले, "अहो, पण बक्षिसे कष्टाची आहेत. ती का खोडायची?"

त्यांचे म्हणणे आम्हाला कळत होते. मुलांच्या शिक्षणासाठीच तर त्यांनी इतकी वर्षे परक्या मुलखात काढली. पण अर्ज वाचणाऱ्याला वक्तृत्वाच्या बक्षिसातून आरोग्यशास्त्राची ओढ कशी दिसणार?

दुसरी अडचण नाजूक होती. आईच्या आजारपणामुळे दुसऱ्या वर्षी तिचे गुण घसरले होते. ते लपवावे काय? गुणपत्रिका सोबत असताना लपणार कसे? एका वाक्यात कारण, दुसऱ्या वाक्यात पुढील वर्षी सुधारलेले गुण, एवढे पुरे. रडगाणे नको.

येथे आनंदीबाई जोशींची आठवण होते. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र पाठविले. हाती पदवी नव्हती. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पूर्ण करणार नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. मग जे खरे होते तेच पुढे ठेवले: मायदेशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेत नाहीत, त्यांची सेवा करायची आहे, आणि आप्तांचा व जातीचा विरोध सोसून आपण येथवर आलो आहोत. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. पण ते पत्र आजही शिकविण्याजोगे आहे.

आपल्या बेटावरील मुलांसाठी आम्ही तीन प्रश्न सुचवितो. हे यश निवडलेल्या विषयाशी जोडलेले आहे काय? गुणपत्रिकेत जे दिसत नाही असे काही ते सांगते काय? त्यातून काय शिकलो, हे दोन वाक्यांत सांगता येते काय? तिन्हींना होकार आला तर लिहावे. नाहीतर ते यश घरच्या कपाटात शोभून दिसेल.

एच.एस.सी.ला मराठी घेतलेली मुले विचारतात, ते लिहावे काय? भाषा, इतिहास, शिक्षण किंवा समाजसेवा शिकायची असेल तर अवश्य, आणि त्या भाषेने कोणते काम केले तेही लिहावे. अभियांत्रिकीला जायचे असेल तर यादीत एक ओळ पुरे. देऱ्याच्या त्या मुलीला मराठी उपयोगी पडली, कारण कामगारांनी आपल्या भाषेत मोकळेपणाने उत्तरे दिली. हे तिने निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले. वक्तृत्वाचे बक्षीस वडिलांच्या हातून गळले. चित्रकलेचे प्रमाणपत्र मात्र त्यांनी भिंतीवर लावून घेतले.