पैसे कापले, पावती नाही : कार्ड-यंत्राची बिल्टी कशी वाचावी?

ब्रह्मपुरीसारख्या धानाच्या बाजारपेठेतही आता कार्डाने पैसे घेणे नवे राहिलेले नाही. मात्र आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे एक अडचण वारंवार उभी राहते. ग्राहकाच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा संदेश येतो, पण यंत्रातून पावती निघत नाही. अशा वेळी माल द्यावा की ठेवून घ्यावा? त्यासाठी यंत्र बँकेशी कसे बोलते, हे थोडे समजून घेऊ.

यंत्रातला प्रोग्रॅम आणि बँकेकडचा प्रोग्रॅम नेटवर्कवर एक जोडणी उघडतात. तिच्या दोन टोकांना सॉकेट म्हणतात. या जोडणीतून बाइट एकामागून एक वाहत राहतात. एक संदेश कोठे संपला, हे जोडणी सांगत नाही. म्हणून संदेशाच्या आधी त्याची लांबी पाठवतात, बहुधा दोन बाइटमध्ये. राइस मिलमधून निघालेल्या ट्रकच्या बिल्टीवर कट्ट्यांची संख्या असते, तसेच हे. समोरचा तेवढे मोजून उतरवून घेतो. हे दोन बाइट कोणत्या क्रमाने वाचायचे, हेही आधी ठरलेले असावे लागते. २०० ही लांबी उलट क्रमाने वाचली, तर ती ५१,२०० होते आणि समोरचा प्रोग्रॅम कधीच न येणाऱ्या मालाची वाट पाहत बसतो.

संदेशाच्या आतली मांडणी आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८७ साली ठरवून दिली. सुरुवातीला चार आकडी प्रकार असतो : ०२०० म्हणजे पैशांची मागणी, ०२१० म्हणजे तिचे उत्तर. त्यापुढे ६४ खुणा असतात. कोणता रकाना भरला आहे व कोणता रिकामा, हे त्या सांगतात. चौथ्या रकान्यात रक्कम बारा आकड्यांत, पैशांमध्ये लिहितात. २,४५० रुपये तेथे ०००००० २४५००० असे जातात. ३९ व्या रकान्यात निकाल असतो : ०० म्हणजे मंजूर, ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही.

आता आपल्या अडचणीकडे वळू. मागणी बँकेत पोचली, खात्यातून रक्कम कापली गेली. पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटले. दुकानातल्या यंत्राला निकाल कळलाच नाही. ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर व्यवहार उलटवण्याचा ०४०० मालिकेतला संदेश पाठवला जातो. म्हणजे ग्राहकाच्या मोबाइलवरचा संदेश खरा असला, तरी ते पैसे दुकानदाराच्या खात्यात येतीलच असे नाही.

तेव्हा बांधवांनी तीन गोष्टी पाळाव्यात. यंत्राने मंजुरी दाखवल्याशिवाय माल देऊ नये. दुसऱ्यांदा कार्ड लावण्यापूर्वी यंत्रातला शेवटचा व्यवहार तपासावा. तारीख, वेळ, रक्कम आणि मिळाल्यास बारा आकडी संदर्भ क्रमांक वहीत टिपून ठेवावा.

ग्राहकालाही त्याचा हक्क समजावून सांगावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पैसे कापले जाऊन पावती निघाली नसेल, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी १०० रुपये भरपाई ठरवलेली आहे. हे शांतपणे सांगितले, तर काउंटरवरचा वाद टळतो आणि ग्राहकही तुटत नाही.